एका नंबरच्या दोन नळ्या

ते वाक्य माझं होतं. पत्रकाच्या डोक्यावर, जाड ठशात: ‘दुधाची फॅट रोज बघता, स्वतःची तपासणी कधी?’ आमच्या आरोग्य संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा दोघांनी टेबल वाजवलं. मीही मनातल्या मनात वाजवून घेतलं. कॉलेजपासून मी पत्रकं लिहीत आले आहे. पासाच्या रांगेवर, वसतिगृहाच्या पाण्यावर, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीवर. वाक्य आखूड हवं, बोट समोरच्याकडं हवं, शेवटी प्रश्न हवा. समोरच्यानं त्या प्रश्नाचं काय करायचं हे पत्रकात लिहीत नाहीत. तेवढी जागाच नसते.

गडहिंग्लजहून एसटी, मग फाट्यावरून चालत, असं ते गाव. अर्ध्या घरांत मराठी, अर्ध्या घरांत कानडी, आणि भांडण लागलं की सगळ्यांना दोन्ही येतं. मी चोवीस वर्षांची. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पत्रकांचा गठ्ठा आणि तपासणीच्या नळ्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला कळावा म्हणून ही तपासणी. बाईनं घरी, दार लावून, मऊ ब्रश आत फिरवायचा, नळीत घालायचा, झाकण लावायचं आणि आणून द्यायचं. टेबलावर झोपायचं नाही, पुरुष डॉक्टर नाही, कुणासमोर साडी वर करायची नाही. मला वाटलं होतं, बायका धावत येतील.

दूध संस्थेच्या माडीवर पहिली बैठक घेतली. तीसेक बायका आल्या. पदर तोंडाला, नजर माझ्या सॅकवर. मी सगळं सांगितलं, चित्र दाखवलं, आणि म्हटलं, विचारा. कुणी विचारेना. शेवटी खांबाला टेकून बसलेली एक बाई बोलली. पन्नाशी ओलांडलेली, रुंद हाडाची, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की खाली डेअरीतही ऐकू जावा.

“पिशवी काढणार काय?”

आमच्याकडं गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. मी म्हटलं, “नाही मावशी. पिशवीला हातसुद्धा लावणार नाही. फक्त पिशवीच्या तोंडाची तपासणी.”

“आधी तोंड बघताय, मग पिशवी मागताय. म्हाईत हाय आमास्नी.”

माडी हसली. त्या हसण्याचा मला राग आला, आणि राग येऊ नये असं मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी कुठलीशी गाडी गावात आली होती. मांडव घातला, फुकट तपासणी म्हणाले, आणि त्याच गल्लीतल्या तिघींना सांगितलं की पिशवी खराब आहे, ठेवलीत तर मराल. तिघींनी काढून घेतल्या. त्यांतली एक अजून तिशीतच होती. आता तिला धार काढायला वाकता येत नाही. ती गाडी कुणाची होती, कुणालाच सांगता येईना. हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं, म्हणून तर मी हे गाव मागून घेतलं. आणि गावानं मला त्याच गाडीतून उतरलेली समजलं.

मग मीही गावावर संशय घ्यायला लागले. सरपंच बैठकीला दोन मिनिटं आला तर म्हटलं, फोटोसाठी आला. डेअरीच्या सेक्रेटरीनं माडी दिली तर म्हटलं, याला काय हवंय? गावची आशाताई, जी दारोदार फिरून गोळ्या वाटते, बाळंतिणी बघते, ती माझ्यापेक्षा शांत होती तर म्हटलं, हिला फक्त रजिस्टर भरायचंय. विशेषतः सासवांवर माझा दात होता. आमच्या प्रशिक्षणात एक अख्खा तास होता, सासू या अडथळ्यावर. आणि खांबाला टेकलेली ती बाई मला त्या तासाचं चालतंबोलतं उदाहरण वाटली.

आशाताईनंच मार्ग काढला. “ताई, ह्या दवाखान्यात येणार न्हाईत. पण डेअरीला रोज सकाळी येत्यात. तिथंच खोकं ठिवा.”

बायका म्हणाल्या, नळीवर नाव नको. खोकं कुणी उघडलं, कुणी वाचलं तर? आशाताई म्हणाली, मग डेअरीचा नंबर टाका. प्रत्येक घराचा सभासद नंबर असतोच, सगळ्यांच्या तोंडपाठ. एका घरात दोघी असतील तर खाली अ आणि ब. बायकांना पटलं. मी भर घातली, “डेअरीत कसं, सॅम्पलच्या बाटलीवरनं दूध कळतं, तसंच हे. डेअरीसारखंच!” आणि पत्रकं वाटली.

ब्रश कसा फिरवायचा हे मी मूठ आवळून दाखवलं. एकजण म्हणाली, “आगं बया, बाटली घासायचा ब्रश!” तिथून पुढं माडीवर शिस्त राहिली नाही. पण जाताना बायकांनी नळ्या नेल्या. पदराखाली, ब्लाउजमध्ये, एकीनं तर रिकाम्या किटलीत.

खांबाजवळच्या बाईचं घर एकशे चौदा नंबर. नवरा वारलेला, मुलगा हातकणंगल्याकडं कारखान्यात, रविवारी येणारा. घरात ती, तिची तिशीतली सून, शाळेत जाणारी नात आणि चार म्हशी. सून तिला आत्ती म्हणायची, सासूला त्या बाजूला तसंच म्हणतात. गाव तिला अव्वा म्हणायचं, कानडीत आई. मीही म्हणायला लागले, पण माझ्या अव्वामध्ये आदर किती होता, विचारू नका.

चौथ्या दिवशी अव्वानं दोन्ही नळ्या आणल्या. एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. सून मागं किटली घेऊन उभी.

मी सुनेकडं बघून विचारलं, “जमलं ना? दुखलं नाही ना?”

उत्तर अव्वानं दिलं. “न्हाय दुखलं. हे घे. आणि कुठं पाठीवतीस त्याचं नाव सांग.”

“कोल्हापूरला, लॅबमध्ये.”

“कुणाची लॅब?”

“सरकारी आहे, अव्वा.”

“सरकारी म्हंजे कुणाची?” ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू दुधात पाणी सापडलंय. “तुझ्या आईचं केलंस काय गं हे?”

मी म्हटलं, “करणार आहे.” खोटं होतं. माझ्या आईशी हा विषय मी कधी काढलाच नव्हता.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. एकशे चौदा अ आणि एकशे चौदा ब, दोन्ही चांगले. बंद पाकिटं घेऊन मी त्यांच्या घरी गेले. अव्वा गोठ्यात होती. परसात सून दगडावर कपडे धूत होती; साडीचे जुने तुकडे, आणि दगडावरून ओघळणारं पाणी तपकिरी-लाल. मला बघितल्याबरोबर तिनं बादली तुकड्यांवर उपडी केली.

“पाळी?” मी विचारलं.

“व्हय.”

दहा-अकरा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले, तर पुन्हा तेच. तोच दगड, तसंच पाणी. या वेळी नुसता रंग नव्हता, वासही होता. पाळीचा तो वास नव्हे.

“परत पाळी?”

आतून अव्वाचा आवाज आला, “कोण हाय गं?” आणि सुनेनं मला डोळ्यांनीच जा म्हटलं.

फाट्यापर्यंत चालताना माझ्या डोक्यात सगळं जुळलं. नळ्या कुणी आणल्या? सासूनं. बोललं कोण? सासू. सुनेला मधेच रक्त जातंय आणि तिचा रिपोर्ट मात्र धुतल्या तांदळासारखा. म्हणजे सुनेच्या नळीत सासूनं स्वतःचं भरून दिलं. सुनेचं आजारपण उघडं पडू नये, घराची अब्रू जाऊ नये, म्हशींची चाकरी थांबू नये म्हणून. आत एक बाई आतल्या आत मरत होती आणि दारात तिची सासू पहारा देत होती. एसटी येईपर्यंत माझं पुढचं पत्रक तयार होतं.

मी आशाताईला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तिच्यावरही संशय होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डेअरीच्या दारात उभी राहिले. वीसेक किटल्यांची रांग, मशीनची घरघर, सेक्रेटरी बाटलीत सॅम्पल घेतोय. अव्वा पुढं, सून मागं.

“अव्वा, खरं सांगा. सुनेच्या नळीत सॅम्पल कुणाचं होतं?”

“सुनेचं. आणि कुणाचं?”

“खोटं बोलू नका. तिला त्रास आहे, मी डोळ्यांनी बघितलंय, दोनदा. तुम्ही तिच्या नळीत स्वतःचं दिलंत. सुनेच्या जिवापेक्षा घराचं नाव मोठं, नाही का?”

सेक्रेटरीनं मशीन बंद केलं. आता सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. अव्वाचं तोंड उतरलं, आणि मला वाटलं, सापडली.

“ओ ताई, गप बसा की!” हे सून बोलली. तोपर्यंत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. “काय कळतंय काय तुमास्नी? ते कपडे माझे न्हवते. आत्तींचे हायत. पाळी जाऊन चार वर्सं झाली त्यांची, आणि आता परत लाल दिसतंय. आणि नळ्या दोन्ही माझ्याच हायत. त्यांच्या नळीत बी मीच दिलंय.”

मी अव्वाकडं वळले. “का?”

तिनं किटली खाली ठेवली. मग लहान मुलाला समजावून सांगावं तसं सांगितलं. “आजारी जनावराचं दूध डेअरीला घालायचं न्हाय. दगडी झालेल्या म्हशीचं तांब्याभर जरी कॅनात गेलं, तरी सगळ्या गावाचं कॅन परत येतंय. तीस वर्सं आम्ही ह्या दारात दूध घालतोय, एकदा परत आलं न्हाय. तूच म्हणालीस की, डेअरीसारखंच हाय. सगळ्यांच्या नळ्या एका खोक्यात. माझं नासकं त्यात कशाला घालू? चांगल्याचं दिलं. ह्यात काय चुकलं ते सांग.”

दगडी म्हणजे कासेचा आजार. कास दगडासारखी होते, दूध नासतं. सेक्रेटरीच्या डोक्यामागं भिंतीवर पाटी होती: ‘दगडी झालेल्या जनावराचे दूध संस्थेत आणू नये.’ महिनाभर डेअरीत येताजाता ती पाटी मी बघत होते. अक्षर सुबक आहे, एवढंच मनात आलं होतं.

मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, “बराबर हाय की तिचं.” आणखी दोघींनी माना खाली घातल्या. त्यांनीही घरातल्या धडधाकट पोरीचंच दिलं होतं, हे पुढं कळलं.

“झालं तुझं समाधान?” अव्वानं दूध ओतलं, किटली उचलली. “नाव लिव्हणार न्हाय म्हणालीस. आता सगळ्या गावानं ऐकलं.” आणि ती गेली. नाव लिहिणार नाही, कुणाला कळणार नाही, हा शब्द मी दिला होता. वीस किटल्यांसमोर मीच तो मोडला होता, आणि तोसुद्धा चुकीच्या बाईच्या बाजूनं.

आशाताई त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलली. “तुमास्नी बोलायला शिकवलंय, ताई. ऐकायला कोण शिकवणार?”

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता थेट डॉक्टरकडं जायचं. हे मला माहीत होतं. पत्रकातही होतं. मागच्या बाजूला, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. पुढं जागा माझ्या वाक्यानं घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. पत्रक नेलं नाही. अव्वा म्हशीखाली बसली होती. मला बघून उठली नाही.

“पावणं आलं बघ,” ती सुनेला म्हणाली. “दार लाव. न्हायतर गावाला ऐकू जाईल.”

मी म्हटलं, “अव्वा, माझं चुकलं. डेअरीसारखं नसतंय ते. मी चुकीचं सांगितलं. तुम्हाला डॉक्टरकडं जावं लागेल. लवकर.”

“आणि तिथं पिशवी काढतील.”

“ते मला माहीत नाही.” पहिल्यांदाच मी त्या गावात माहीत नाही म्हटलं. “काढायची का नाही ते तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. कुणी न तपासता सांगितलं, तर मी तुमच्याबरोबर उठून येईन.”

“काल बी कुणाच्या तरी बाजूनंच आलीस न्हवं?”

धारेचा आवाज चालू होता. शेवटी सून बोलली, पेंड भिजवता भिजवता, मान वर न करता.

“आत्ती, दगडीची म्हस डेअरीला घालत न्हाय, खरं हाय. पण गुरांच्या डॉक्टरला कुठली दावताय? चांगली दावताय व्हय?”

अव्वाचे हात थांबले. म्हशीनं वळून बघितलं.

“लई शाणी झालीस,” ती म्हणाली. पण मग तिनं प्रश्न सुरू केले. डॉक्टर बाई की बुवा? गाडी कुणाची? मी म्हटलं, एसटी. अंगठा कुठं लावायचा? आधी वाचून दाखवणार काय? मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, नव्हतं ते नाही म्हटलं. शेवटी तिनं अट घातली. “बाटलीवर नंबर नको. नंबर घराचा हाय. माझं नाव लिव्हायचं, आणि हिनं वाचायचं.” हिनं म्हणजे सुनेनं. मी लिहिलेल्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

आशाताईला घेऊन आम्ही चौघी गडहिंग्लजच्या दवाखान्यात गेलो. तिथं बाई डॉक्टर होत्या. त्यांनी आत नेऊन बघितलं, आणि बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. छोटा तुकडा तपासायला काढला होता. नर्सनं डबीवर चिठ्ठी चिकटवली आणि केसपेपरचा नंबर लिहायला लागली.

“न्हाय,” अव्वा म्हणाली. ओटीपोट धरून ती बाकावर बसली होती, पण आवाज तोच, माडीवरचा. “नाव.”

नर्स म्हणाली, नंबर लिहावाच लागतो. आशाताई म्हणाली, मग दोन्ही लिव्हा की, चिठ्ठी काय फाटतीय व्हय? दोन्ही लिहिलं. सुनेनं डबी डोळ्यांजवळ धरून सासूचं पूर्ण नाव वाचलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. सासूचं नाव सुना तोंडानं घेत नाहीत. पहिल्यांदा तिचा आवाज अडखळला.

“परत वाच,” अव्वा म्हणाली.

तिनं परत वाचलं.

रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस मला अव्वावर, डॉक्टरांवर, लॅबवर, पोस्टावर, सगळ्यांवर संशय येत होता. फरक इतकाच की आता त्या यादीत मीही होते. कॅन्सर होता. पिशवीच्या तोंडाशी आणि थोडा बाजूला. लांब गेलेला नव्हता. पिशवी काढायची नाही, डॉक्टर म्हणाल्या. कोल्हापुरात काही आठवडे किरणांचा शेक घ्यायचा, सोबत सलाइनमधून औषध, आणि बरं होण्याची आशा चांगली आहे. आणखी थोडे महिने गेले असते तर असं म्हणता आलं नसतं, हेही त्यांनी सांगितलं. माझ्याकडं बघून नव्हे, पण मी ऐकलं.

अव्वानं कागद सुनेकडं दिला. “माझंच हाय काय बघ.”

“तुमचंच हाय, आत्ती.”

“नक्की?”

सुनेनं नाव वाचलं. अव्वानं कागद परत घेतला, घडी करून कमरेला खोचला. मग म्हणाली, म्हशींचं काय करायचं, ते आधी ठरवा.

गावात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आशाताई बोलली आणि मी खोकं धरून बसले. नळीवर नाव हवं का नंबर, हे प्रत्येकीला वेगळं विचारलं. ज्या दोघींनी माना खाली घातल्या होत्या, त्यांनी पुन्हा दिलं, आपापलं. एका घरानं मात्र दार उघडलं नाही. त्या बाईनं पुढं कधी तपासून घेतलं की नाही, मला माहीत नाही. त्या सकाळचा तमाशा तिनंही ऐकला होता.

शेकाच्या पहिल्या दिवशी मी कोल्हापुरात त्यांच्याबरोबर होते. दवाखान्याच्या बाकावर, आईला आदल्या आठवड्यात तपासायला नेलं, हे मी अव्वाला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिनं मला फोन लावायला सांगितलं आणि थेट आईलाच विचारलं, “हिनं नेलं का तुमी सोता गेला?” आई काय म्हणाली कळलं नाही, पण अव्वा हसली.

सॅकमध्ये उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. फेकायला जीव होत नव्हता, म्हणून मी पेन काढून वरचं वाक्य एकेकावर खोडत बसले. सुनेनं दुसरं पेन मागून घेतलं. खोडता खोडता तिनं एक उलटं केलं आणि मागचं मुंगीएवढं अक्षर सासूला वाचून दाखवलं: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसल्यास, वाट न बघता.

“हे तवाच व्हतं ह्यात?” अव्वानं विचारलं.

“होतं,” मी म्हटलं.

“मग पुढं काय लिव्हू नको आता. मागचं हाय तेच मोठं कर.”

आतून तिचं नाव पुकारलं. सून उठली, पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाली, “आल्या.”